बारवेतली लेकुरवाळी

माझ्या नोकरीचं नाव सांगितलं की ऐकणाऱ्याचा चेहरा नाकाला रुमाल लावल्यासारखा होतो. सॅनिटरी इन्स्पेक्टर. या माणसाचं आयुष्य गटारं मोजण्यात गेलं, असं त्यांना वाटतं. या अंकाच्या संपादकांनाही तसंच वाटलं असावं, कारण लेख मागताना त्यांनी "फराळ करता करता वाचता येईल असं काही लिहा," अशी जपून सूचना केली. ती मला पाळता येणार नाही. हा लेख एका जंताबद्दल आहे आणि तो जंत माणसाच्या पायातून बाहेर येतो. ज्यांच्या हातात अजून लाडू असेल त्यांनी तो आधी संपवावा.

गटारं मी मोजली, नाही असं नाही. पण ज्या कामामुळे मला रात्री शांत झोप लागते ते काम दुसऱ्या महायुद्धाच्या, लढाईच्या काळातलं. तेव्हा मी पंचविशीत होतो आणि शेवगावच्या पलीकडे, जिल्ह्याच्या कोरड्या टोकाला, गावोगाव नारूच्या मागे हिंडत होतो. सरकारी सायकल, मागे चुन्याची गोणी आणि खांद्याला लाकडी पेटी. पेटीत पितळी नळीचा एक छोटा सूक्ष्मदर्शक. लोक त्याला भिंग म्हणायचे आणि मला नारूसायेब. ही पदवी नगरला आमच्या घरी कळली तेव्हा माझ्या आईने दोन दिवस माझ्याशी बोलणं टाकलं होतं.

आताच्या मुलांना नारू म्हणजे काय ते सांगावं लागतं. याचा मला अभिमान आहे आणि तो मी लपवत नाही. ऊन चढायला लागलं की घोट्यावर, पोटरीवर फोड यायचा. त्याची आग आग व्हायची. माणूस पाय पाण्यात बुडवायचा, जरा बरं वाटायचं, फोड फुटायचा आणि आतून पांढऱ्या दोऱ्याचं टोक डोकवायचं. हा नारू. हात-दीड हात लांब. ओढून निघत नाही. तुटला तर आत सडतो, पाय सुजतो, सांधा धरतो. म्हणून तो बारीक काडीला गुंडाळायचा आणि रोज थोडा थोडा वळत न्यायचा, महिना लागला तरी चालेल. ऐन पेरणीच्या तोंडावर अर्धं गाव पायाला काड्या बांधून ओट्यावर बसलेलं मी पाहिलेलं आहे.

बाकीची गोष्ट सोपी आहे. फोड पाण्यात बुडला की नारू पाण्यात पिल्लं सोडतो. पाण्यातला एक बारीक किडा ती पिल्लं गिळतो. तो किडा पाण्याबरोबर माणसाच्या पोटात जातो आणि वर्षभराने त्या माणसाच्या पायाला फोड येतो. त्या भागात पाण्याच्या विहिरी बहुतेक बारवा, म्हणजे खालपर्यंत पायऱ्या असलेल्या. बायका घागर घेऊन गुडघाभर पाण्यात उतरायच्या, नारूचे पायही त्यातच आणि प्यायचं पाणीही त्यातच. खात्याचा हुकूम होता, बारवेत चुना टाका, किडा मारा. गावकऱ्यांना चुन्याचं पाणी नको असायचं. त्यांना आधी घाबरवावं लागे आणि त्यासाठी ते भिंग होतं.

घाबरवण्यात मी पटाईत होतो. ज्या गावाची गोष्ट सांगणार आहे त्याचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण नारूचं गाव म्हणून तिथल्या पोरांना मुली मिळत नसत आणि ती माणसं अजून ते विसरलेली नाहीत. तिथल्या पाटलांनी पहिल्याच दिवशी भिंगात डोकावून मला सांगितलं, "हे किडं खालच्या अंगाच्या झिऱ्यातलं असनार. आमच्या बारवंचं पानी देवाच्या पूजेला जातं." खालच्या अंगाचा झिरा म्हणजे महारवाड्याचा. मी दोन्हीकडचं पाणी सारख्याच दोन पेल्यांत मागवलं, त्यांना दोन्ही दाखवलं आणि म्हटलं, "पाटील, आता तुम्ही ओळखा कोणतं कुणाचं." त्यांनी बराच वेळ बघितलं, मग मिशीवरून हात फिरवला आणि घरी काहीतरी काम निघालं म्हणून गेले.

मला या गोष्टीचा जरा जास्तच आनंद झाला, त्याला कारण होतं. माझे वडील मिशनच्या शाळेत मास्तर होते, पण त्यांचे वडील ख्रिस्ती होण्याआधी याच तालुक्यातल्या एका गावाच्या वेशीबाहेर राहायचे. अशाच एका बारवेच्या काठाला मडकं ठेवून, कोणी वरून पाणी घालेल म्हणून ते उन्हात उभे राहायचे. पायरीला पाय लावायची त्यांना मुभा नव्हती. मी कोट घालून सायकलवर येणारा सरकारी माणूस. मला कोणी 'खाली उतरू नका' म्हटलं नाही. म्हणायची वेळ मीच येऊ दिली नाही. काठावर उभं राहायचं आणि जाणाऱ्या बाईला सांगायचं, "जरा तांब्याभर पाणी द्या, तपासायचंय." आणि मग गावाला बजावायचं की पाण्यात कोणी उतरायचं नाही. आजोबांना लावलेला नियम मी आता अख्ख्या गावाला लावत होतो. मला त्याची आतून गंमत वाटायची आणि ती गंमत काही फार चांगल्या जातीची नव्हती.

हौसाबाई तिथे भेटली. न्हाव्याच्या घरातली विधवा बाई, साठीच्या आसपासची, गावाची सुईण. गावातलंच नाही, आजूबाजूच्या वस्त्यांवरचंही बाळंतपण तिच्याकडे. तिचा डावा पाय गुडघ्यात वाकत नव्हता. तीन वर्षांपूर्वी नारू तुटला, पाय पिकला, सांधा धरला. त्या चैत्रात तिच्या उजव्या घोट्याला काडी बांधलेली होती. पाटलांच्या ओट्यापुढे मी भिंग मांडलं होतं, बायका तोंडाला पदर लावून लांब उभ्या होत्या, आणि ही काठी टेकत सरळ माझ्यापुढे आली.

"सरा बरं बाजूला. मला बगू द्या."

तिने डोळा नळीला लावला. मी तिच्या ओरडण्याची वाट बघत होतो. पहिल्यांदा बघणारा माणूस हमखास दचकून मागे सरायचा. पाण्याच्या थेंबात एक डोळा कपाळात असलेलं, मिशा हलवणारं, टुणटुण उड्या मारणारं ते जनावर बघून एका तलाठ्याने तर पेटीच उलथून टाकली होती. हौसाबाई हलली नाही. श्वास धरून बघत राहिली.

"दिसलं का, मावशी?"

"गप रं जरा."

मग ती नळीवरचा डोळा न काढता म्हणाली, "ही पोटुशी हाय."

"कोण?"

"हीच की. दोन्ही अंगाला दोन झोळ्या हायेत. झोळीत दानं दिसत्यात. अंडी हायेत न्हवं ती?"

इतकी वर्षं मी ते भिंग लोकांना दाखवत होतो, पण असा प्रश्न कोणी विचारला नव्हता. हुशार पोर भेटल्यावर मास्तरला होतो तसा मला आनंद झाला. मी म्हटलं, "हो, मावशी. ही मादी आहे. अंड्यांच्या दोन पिशव्या बरोबर घेऊनच फिरते, पिल्लं बाहेर पडेपर्यंत." नोकरीतली माझी सगळ्यात मोठी चूक ती हीच.

हौसाबाईने मान वर केली आणि लांब उभ्या असलेल्या बायकांना हाक मारली. "आगं, अशा या. भ्यायाजोगं काय न्हाई. लेकुरवाळी हाय." मग रांग लागली. बायकांच्या हातातलं काम सुटलं. कोणी म्हणालं, एका डोळ्यानं एवढी पोरं कशी सांभाळत असेल. कोणी म्हणालं, तिला हातभार लावायला सासू आहे का बघा. एक म्हातारी दोनदा रांगेत उभी राहिली आणि दुसऱ्यांदा बघून झाल्यावर तिने भिंगाला हात जोडले. रोज घागरीतून घरी नेत होतो त्या पाण्यात हे सगळं चाललेलं असतं, हे त्यांना खरंच वाटत नव्हतं. दिवस कलेपर्यंत मी थेंब बदलत होतो. माझ्या कामगिरीवर मी बेहद्द खूश होतो.

पेटी बंद करताना मी मोठ्याने जाहीर केलं, "उद्या सकाळी बारवेत चुना टाकणार. सगळे किडे मरतील."

हौसाबाईने विचारलं, "कोन मरंल?"

दुसऱ्या दिवशी सकाळी चुन्याची गोणी घेऊन गेलो तर बारवेच्या वरच्या पायऱ्यांवर बायका बसलेल्या. सगळ्यांत पुढे हौसाबाई, न वाकणारा पाय लांब करून. कोणी भांडत नव्हतं. त्या नुसत्या बसल्या होत्या. पाटील काठावर येऊन मला सांगून गेले, "ह्यात आमी पडत न्हाई." त्यांना माझी जिरलेली बघायची होती, तो त्यांचा हक्कच होता.

मी म्हटलं, "मावशी, तुमचा पाय यांनीच खाल्लाय."

"नारूनं खाल्ला. हिनं काय केलं? आपुन काय गिळलं ते हिला तरी ठावं हुतं का? मला तरी कुठं ठावं हुतं?"

"मारल्याशिवाय नारू जाणार नाही."

"आरं बाबा, माज्या हाताखाली किती बाया मोकळ्या झाल्या त्याची मोजदाद न्हाई. पोटुशी बाई म्होरं आली की आदी तिला बसाय जागा द्यायची, येवडंच मला येतं. आनि तू मला म्हनतो, तिच्या अंगावर चुना वत."

मी चिडलो. खात्याचा हुकूम माझ्या खिशात होता आणि डोक्यावर ऊन होतं. मी म्हटलं, "मग घालवा दुसराही पाय." हे वाक्य परत घेता आलं असतं तर मी माझ्या पेन्शनीतला एक महिना दिला असता.

ती रागावली नाही. घोट्याच्या काडीकडे बघत म्हणाली, "त्याचंच भ्या हाय. ह्यो बी पाय धरला तर मी कोपऱ्यात बसायची. मग रानातल्या वस्तीवर बाई आडली तर कोन जाईल?" तिने हाताखाली कोणाला शिकवलं नव्हतं असं नाही, तिची एक सून तयार होत होती. पण आडलेलं बाळंतपण फक्त तिलाच जमायचं आणि ते सगळ्या गावाला माहीत होतं. माझ्यापुढे बसलेल्या बायकांत दोघी-तिघी गरोदर होत्या. त्याही पायरीवरून उठल्या नाहीत.

मी गोणीवर बसलो. बसल्यावर माणसाचं डोकं जरा बरं चालतं. हौसाबाईच बोलायला लागली. तालुक्याला एका मारवाड्याच्या घरी ती बाळंतपणाला गेली होती. तिथली म्हातारी पाणी दुहेरी फडक्यातून गाळायची आणि गाळलेलं फडकं विहिरीवर नेऊन, त्यावर वरून पाणी सोडून, जे अडकलं असेल ते परत विहिरीत सोडायची. "मी तिला हासले हुते. फडक्यात काय हाय म्हनून परत सोडती, म्हनलं. काल त्या नळीत बगितलं तवा मला ती म्हातारी आठवली. हिला मारायची कशाला? आमी गाळून पितो. हिचं घर बारवंत, तिथं तिला सोडतो. पोटात न्हाई गेली म्हंजी झालं का न्हाई?"

झालं होतं. मला प्रशिक्षणात दिलेल्या पुस्तकात गाळण्याबद्दल दोन ओळी होत्याही, पण 'खेडूत हे करणार नाहीत' अशी तिसरी ओळ होती आणि मला तीच पाठ होती. मी एकच अट घातली. नारूचा पाय बारवेत पडता कामा नये. पायऱ्यांवर बाभळीच्या काट्या टाकायच्या आणि पाणी वरून दोराने शेंदायचं. हौसाबाई म्हणाली, "माजं गुडगं कुठं वाकतंय पायऱ्या उतराया? मला तर बरंच हाय." बायका उठल्या आणि मी चुना परत सायकलला बांधला.

आमच्या खात्याच्या वरिष्ठ डॉक्टरसाहेबांना मी खरं ते सांगितलं. ते सज्जन होते, पण हसून हसून त्यांचा चष्मा खाली आला. "म्हणजे गावाने किड्याला अभय दिलं?" मग गंभीर होऊन म्हणाले, "पुढच्या उन्हाळ्यापर्यंत थांबतो. फरक दिसला नाही तर बारव बुजवायची शिफारस करावी लागेल." खालचा झिरा अख्ख्या गावाला पुरणारा नव्हता, दुसरं पाणी दीड कोसावर नदीला. धरलेल्या पायाच्या म्हातारीला दीड कोस म्हणजे काय, ते मी त्यांना सांगत बसलो नाही. हौसाबाईला मात्र सांगितलं, आणि यंदा निघणारा नारू गेल्या साली प्यायलेल्या पाण्याचा असतो, त्यामुळे आत्ता गाळलेल्याचं फळ पुढच्या चैत्र-वैशाखात कळेल, तेही सांगितलं. ती म्हणाली, "वरीसभर? बाईला तर नऊच म्हैने लागत्यात."

आता अडलं ते कापडावर. लढाईमुळे कापड कंट्रोलमध्ये होतं. लोक धडकं धोतर मिळेना म्हणून लग्नं पुढे ढकलत होते, तिथे पाणी गाळायला नवं फडकं कोण देणार. बायकांनी जुनी लुगडी आणली. मी त्यांतून पाणी गाळून भिंगाखाली धरलं, तर किडे खुशाल पलीकडे उतरलेले. धुऊन धुऊन विरलेलं कापड चालणार नव्हतं, घट्ट विणीचं कोरंच पाहिजे होतं. मी खात्याला अर्ज लिहिला. त्याचं उत्तर अजून यायचं आहे.

पुढच्या खेपेला हौसाबाईने मला घरी बोलावलं. तिने ट्रंक उघडली. आत भिंगारच्या साळ्यांच्या मागावरची जाड लुगडी, घडीसुद्धा न मोडलेली. पहिलटकरीण सुखरूप सुटली की त्या घरून सुईणीला लुगडं मिळायचं. हौसाबाईने नेसायला दोन वापरली आणि बाकीची जपून ठेवली होती. तिच्यापाशी दागिना नव्हता, तिची सगळी मिरास ती ट्रंक होती.

ती एकेक घडी उचलून मांडीवर ठेवत होती आणि सांगत होती. "हे दगडूच्या येळचं. पायाळू हुता, लई तरास दिला. हे जुळ्यांचं, म्हनून दोन मिळनार हुती, पर एकच दिलं. हे पाटलाच्या सुनंचं. ह्याचा काट बग." सगळं सांगून झाल्यावर तिने माझ्यापुढे कात्री ठेवली. न्हाव्याचं घर, कात्रीला धार चांगली होती.

"एक राहू दे. मी मेल्यावर माज्या अंगावर घालाया. बाकीची फाड."

माझ्याने कात्री उचलवेना. डोळ्यांत पाणी आलं, ते मी कोटाच्या बाहीने पुसलं आणि ते तिने पाहिलं. शेवटी पहिलं लुगडं तिनेच फाडलं, दोन्ही हातांनी, सरळ धाग्याने. ज्या घरून जे लुगडं आलं होतं त्याचा तुकडा आधी त्याच घरी गेला. उरलेले ज्यांनी कधी काही दिलं नव्हतं त्यांना. खालच्या अंगाच्या वस्तीलाही तिने तुकडे पाठवले, स्वतः जाऊन. तिथली बाळंतपणंही तीच करायची. पाटलांनी त्यावर नाक मुरडलं, तेव्हा ती त्यांना म्हणाली, "बाळंतिनीच्या खोलीत समदाच इटाळ आसतो. तुमच्या बी घरी हुताच की." पाटील पुन्हा घरी काहीतरी काम निघालं म्हणून गेले.

पुढचं वर्ष मी त्या गावाला महिन्यातून दोन खेपा केल्या. प्रत्येक फडक्याच्या एका कोपऱ्यात, वरच्या अंगाला, लाल दोऱ्याचा टाका घातलेला होता. लाल टाका वर, असं ठरलं होतं, कारण फडकं उलटं बांधलं तर आदल्या दिवशी अडकलेले किडे सरळ माठात उतरतात. एका घरी टाका खाली दिसला, तर हौसाबाईने त्या सुनेला सगळ्यांदेखत झापलं आणि मग आपणच तिला जवळ घेऊन बसली. फडकं झटकायला मात्र कोणी विसरायचं नाही. दुपारी शेंदणं आटोपलं की बायका काठावर फडकी उलटी धरायच्या, वरून तांब्याभर पाणी सोडायच्या आणि "जा गं बाई घरी," म्हणायच्या. मी वहीत तक्ता भरायचो. त्यात 'मारलेले किडे' असा रकाना होता आणि त्या गावापुढे मी दर महिन्याला शून्य लिहिलं.

मी त्या वर्षी धीर सोडला नाही असं लिहिलं तर ते खोटं ठरेल. माघात मला झोप लागेना. बायकांचं ऐकून मी चुना परत नेला होता. वैशाखात पुन्हा काड्या दिसल्या तर दोष कोणाचा, हे मला कोणी सांगायला नको होतं.

चैत्र लागला, निम्मा सरला. मी गावात शिरलो आणि सवयीने ओट्यांकडे बघत गेलो. ओटे रिकामे होते. माणसं रानात गेलेली होती. घराघरांतून विचारलं, पाय उघडे करून पाहिले. वैशाखात पुन्हा पाहिले. सगळ्या गावात एक काडी सापडली, ती पाटलांच्या पोटरीला. पाणी गाळणं हे बायकांचं काम, म्हणून ते आल्या-गेल्या पोहऱ्यातूनच ओंजळीने प्यायचे. ओट्यावर पाय पसरून बसलेल्या पाटलांनी मला बघितलं आणि या वेळी त्यांना घरी जायला काही काम निघालं नाही. बारव बुजवायची शिफारस त्या दिवशी मी मनातल्या मनात फाडून टाकली. डॉक्टरसाहेबांनी लिहून ठेवलेली ती खरोखरची फाडली, पुढच्या आठवड्यात.

हौसाबाई बारवेच्या काठावर बसली होती. डावा पाय तसाच लांब, पण उजवा घोटा स्वच्छ. आदल्याच दिवशी ती रानातल्या वस्तीवर जाऊन आली होती, चालत. मी काही बोलायच्या आत म्हणाली, "आनलंय का भिंग? किती दिस झालं बगितलं न्हाई तिला."

तिच्या फडक्यातलंच पाणी मी काचेच्या वाटीत घेतलं आणि भिंगाखाली ठेवलं. तिने डोळा लावला. मी शेजारी बसून वहीत नावांपुढे खुणा करत होतो.

"वही ठिव," ती हळूच म्हणाली. "हिचं दिस भरल्यात."

"मावशी, ते असं सांगता येत नाही."

"तुला न्हाई येत. बग."

मी डोळा लावला. ती एक जागा धरून होती, नुसती थरथरत होती. तिच्या डाव्या झोळीतले दाणे काळपट झाले होते आणि आतून हलत होते. मी हजारो वेळा ही जात पाहिली होती, मोजली होती, मारली होती. एवढा वेळ एकीकडे कधी बघत बसलो नव्हतो. बघता बघता झोळी विरली आणि एकेक ठिपका सुटून बाहेर पडला. सुटला की लगेच पोहायला लागला. कोणी शिकवलं नाही, कोणी ढकललं नाही. माझा श्वास नळीवर साचून काच धुरकट झाली, ती पुसायचंही मला भान राहिलं नाही. आईवडिलांनी लहानपणापासून मला देवाच्या करणीबद्दल पुष्कळ सांगितलं होतं आणि मी ते रविवारी रविवारी ऐकलंही होतं. ते खरं असल्याचं मला त्या दिवशी एका वाटीतल्या पाण्यात कळलं.

हौसाबाईने मला बाजूला सारून पुन्हा डोळा लावला. दुसरी झोळी सुटेपर्यंत तिने नळी सोडली नाही. मग मान वर करून, जन्मभर ज्या आवाजात दाराबाहेरच्या माणसांना सांगत आली होती त्याच आवाजात तिने सांगितलं, "मोकळी झाली."

मी ती वाटी काठावरून ओतायला उचलली.

"वरनं नगं टाकू. लई उंच हाय," ती म्हणाली. "खाली जाऊन सोड. पान्यात तेवडा पाय घालू नगंस."

मी काट्यांपाशी थबकलो. वर्षाहून जास्त मी त्या गावात येत होतो आणि त्या पायऱ्यांवर मी कधी पाय ठेवला नव्हता. काठावर पाच-सहा बायका होत्या. पाटलांच्या घरची सूनही होती. आसपासची घरं न् घरं ओळखणाऱ्या हौसाबाईला सगळं ठाऊक होतं, मी कोणाचा कोण आणि इतके दिवस तांब्या वर का मागवत होतो तेही. तिने काठीने बाभळीची काटी एका बाजूला सारली आणि वाट करून दिली.

मी बूट काढले. पायऱ्या गार होत्या आणि मधोमध झिजलेल्या होत्या. दोन्ही हातांत वाटी धरून मी एकेक पायरी उतरत गेलो, पाण्याच्या वरच्या पायरीवर बसलो आणि वाटी तिरपी केली. ती घाईने तिरपी झाली असावी, कारण वरून हौसाबाईचा आवाज आला, "हळू रं बाबा. वली बाळंतीन हाय."